दुकानातल्यासारख्या पेस्ट्र्या

आमच्या गावात वारा पश्चिमेचा असला की दालचिनीचा वास येतो आणि पूर्वेचा असला की गोठ्यांचा. पाहुणे आले की त्यांना याचं अप्रूप वाटतं. आम्हाला दोन्ही वास आता जाणवतही नाहीत. दालचिनीचा वास येतो तो तळ्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यातून. टोस्टरमध्ये भाजून खायच्या चपट्या पेस्ट्र्या तिथं होतात. आत तपकिरी साखर आणि दालचिनीचं सारण, वर साखरेचा लेप. मिशिगनमधल्या निम्म्या मुलांची सकाळची शाळेची बस याच पेस्ट्र्यांवर पकडली जाते.

मार्लिस बोर्समा त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं होती. मीही होते, पण एकोणीसच. मी लेपाच्या यंत्रावर होते आणि मार्लिस माझ्या पुढे, जिथं थंड झालेल्या पेस्ट्र्या पट्ट्यावरून पळत पाकिटं भरायला जातात तिथं. तिचं काम एकच होतं. तुटकी, वाकडी, सारण फुटलेली किंवा लेप न बसलेली पेस्ट्री दिसली की ती दोन बोटांनी उडवून खालच्या पिंपात टाकायची. दिसायला सोपं. नवीन बाया तासाभरात डोळे चोळत बाहेर यायच्या. मार्लिस आठ तास उभी राहायची, शेजारणीशी नवऱ्याबद्दल, पाद्र्याबद्दल, टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलायची, आणि बोलता बोलता तिचा हात आपोआप जायचा. टक. टक. बोलण्यातलं वाक्य तुटायचं नाही.

ती उंच, हाडापेरानं मजबूत बाई. केस लहान कापलेले, ते धुतले तरी दालचिनीचा वास जायचा नाही. रस्त्यानं चालली की दुसऱ्यांची कुत्री तिच्या मागे यायची. तिचा नवरा गेरिट म्हणायचा, मी जिच्याशी लग्न केलं तिच्या अंगाला साबणाचा वास यायचा, ही कोण आली माहीत नाही, पण हीच बरी आहे.

साठाव्या वर्षी, मे महिन्यात ती निवृत्त झाली. जेवणाच्या खोलीत तिच्यासाठी केक आणला होता, त्यावर तिचं नाव चुकवलेलं होतं. भाषणं झाली. मग एमस प्रुइट उठला. एमस कारखान्यात पीठ मळायच्या विभागात तीस वर्षं होता आणि मार्लिसच्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाला होता, पण केक असला की यायचा. विशीत दक्षिणेकडच्या केंटकीहून आला, तरी बोलणं अजून तिकडचंच, सावकाश आणि टोचून.

"मार्लिस," तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत तू एक तरी पेस्ट्री केलीस का गं? नुसत्या काढून टाकल्यास."

सगळे हसले. मार्लिसही हसली. तिला घरी सोडायला मीच गेले होते. रेल्वेच्या फाटकापाशी थांबावं लागलं. मालगाडी जात होती, तिचे डबे मोजल्यासारखी बघत होती. मग म्हणाली, खरं आहे ते. मी म्हटलं, अगं, तो चेष्टा करतो, त्याचं काय मनावर घेतेस. ती म्हणाली, "चेष्टा केली म्हणून खोटं होतं का, डोरीन?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं घरी पहिला घाणा घातला. मला सांगितलंही नाही. मी रस्त्याच्या पलीकडेच राहते, त्यामुळे मला आधी कळलं ते धूर झाला की वाजणाऱ्या घंटेच्या आवाजानं. धावत गेले तर स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या उघड्या, गेरिट एका स्टुलावर उभा राहून त्या घंटेला टॉवेलनं वारा घालतोय, आणि मार्लिस ओव्हनच्या दारापाशी गुडघ्यावर बसून आत बघतेय. सारणातली साखर वितळून बाहेर आली होती, ट्रेवरून खाली सांडली होती आणि ओव्हनच्या तळाशी जळत होती. पेस्ट्र्या पोकळ, नुसत्या टरफलासारख्या.

"आत काय घातलं होतंस?" मी विचारलं.

तपकिरी साखर आणि दालचिनी, ती म्हणाली, दुसरं काय असतं?

मला तरी कुठं माहीत होतं? मी एकोणीस वर्षं फक्त लेप ओतला. सारण माझ्यापर्यंत यायचं तेव्हा ते आत बंद असायचं. कारखान्यात आम्ही तीनशे माणसं, रोज लाखांनी पेस्ट्र्या बाहेर पडायच्या, आणि पूर्ण पेस्ट्री कशी करायची हे आमच्यातल्या एकाला माहीत असेल तर शपथ.

गेरिट मात्र स्टुलावरून उतरला, चमचा घेतला आणि ट्रेवर घट्ट झालेली साखर खरवडून खायला लागला. वाईट नाही, म्हणाला.

मार्लिसनं एमसला फोन लावला. तिला तो लावायला किती जड गेलं असेल हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. एमसनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, सारणात पीठ घातलं होतंस का? चमचाभर मैदा साखरेत कालवायचा, म्हणजे ती वितळली तरी धरून राहते. हे लहान मुलाला कळतं. मार्लिस म्हणाली, त्या लहान मुलाला घेऊन ये. अर्ध्या तासात तो आपल्या पिकअपमधून हजर.

एमसची अडचण वेगळी होती. त्याच्या डोक्यातलं माप यंत्राचं होतं, एका वेळी चारशे किलोचं. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून त्यानं विजेच्या बिलाच्या पाकिटावर भागाकार मांडायला घेतला. तासभर झाला. शेवटी मीठ आलं नऊ दाणे आणि पाणी आलं एका थेंबापेक्षा जरा जास्त. गेरिट म्हणाला, उंदराला पुरेल एवढी एक पेस्ट्री होईल. मग तो भागाकार बाजूला ठेवून एमसनं बाह्या वर केल्या आणि बोटांनी सांगतो म्हणाला. मैदा, चिमूटभर मीठ, जरा साखर. थंडगार लोण्याचे तुकडे त्यात चोळायचे, पण पूर्ण मिसळू द्यायचे नाहीत, वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत. मग एक अंडं आणि दूध, आणि गोळा झाला की हात बाजूला.

"मळत बसू नकोस, मार्लिस. ते पीठ आहे, तुझा जावई नाही."

दुसरा घाणा फुटला नाही, पण मागच्या बाजूच्या चार पेस्ट्र्या कोळसा आणि पुढच्या चार कच्च्या. मार्लिसनं ओव्हनला नावं ठेवली. तेव्हा गेरिट घसा खाकरून म्हणाला की ओव्हनचं काही चुकत नाही. गेरिट दुधाचा टँकर चालवायचा, पहाटे जायचा आणि दुपारी घरी असायचा. मार्लिसची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे अठ्ठावीस वर्षं संध्याकाळचं जेवण त्यानंच केलं होतं, आणि तो ओव्हन घरात फक्त त्यालाच ओळखत होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात आच जास्त लागते, तो म्हणाला. नऊ मिनिटांनी ट्रे फिरवायचा, आणि दार बंद करताना खालून पायानं दाबायचं.

मार्लिस त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," गेरिट म्हणाला. "तू यायचीस तेव्हा जेवण ताटात असायचं."

लेप माझ्याकडे आला. पिठीसाखर, दूध, व्हॅनिलाचे दोन थेंब, दालचिनी. चमच्यावरून पडताना त्याची रुंद फीत पडली पाहिजे आणि पाच आकडे मोजेपर्यंत ती दिसत राहिली पाहिजे. त्याआधी विरली तर पातळ. हे मी यंत्रावर बघून शिकले होते, तिथं एक काच होती. घरी काच कुठली, पण डोळा तोच.

जून आणि जुलैचे सगळे गुरुवार असे गेले. आम्ही चौघं त्या स्वयंपाकघरात एकमेकांच्या कोपरांना लागत उभे. एमस पिठाशी, गेरिट ओव्हनशी, मी लेपाशी आणि मार्लिस सगळ्यांच्या मागे. हळूहळू ती प्रत्येकाचं काम हातात घेत गेली. पारी लाटायची, सुरीनं चौकोन कापायचे, एकावर चमचाभर सारण पसरायचं, कडेला अंड्याचं पाणी लावायचं, वर दुसरा चौकोन ठेवायचा, काट्यानं कडा दाबायच्या, वर टोचे मारायचे. पेस्ट्री भाजून बाहेर आली की मात्र ती पुन्हा कारखान्यातली मार्लिस व्हायची. कडेला जरा चीर दिसली की, टक, पेस्ट्री बाजूच्या वाडग्यात. एमस आणि गेरिट त्या वाडग्यापाशी खुर्च्या ओढून बसायचे. जुलैअखेर गेरिटनं कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

सतरा घाणे झाले असतील. अठराव्याला ट्रे बाहेर आला आणि मार्लिसचा हात हललाच नाही. आठच्या आठ पेस्ट्र्या सारख्या, सोनेरी, कडा सुतासारख्या सरळ. ती नुसती बघत राहिली. मी लेप द्यायला पुढे झाले तर म्हणाली, थांब. तिनं एक उचलली, सिंकपाशी गेली, आमच्याकडे पाठ करून खाल्ली. बराच वेळ ती वळली नाही. मला वाटलं भाजली की काय.

"गरम आहे," ती म्हणाली.

आम्ही हसलो, आत्ताच ओव्हनमधून काढली तर गरमच असणार. पण ती हसत नव्हती. अठ्ठावीस वर्षं तिच्यासमोरून पेस्ट्र्या गेल्या त्या थंड करायच्या लांब बोगद्यातून आलेल्या, दगडासारख्या गार. भट्टी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, तिथं जायला तिला परवानगी नव्हती. आधीच्या घाण्यांत ती वाकड्या उडवण्यातच गुंतलेली असायची; गरम पेस्ट्री तिनं स्वतः खाल्ली ती पहिल्यांदाच. आत साखर अजून हलत होती, ती म्हणाली. मग तिनं दुसरी उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि अर्धा एमसच्या हातात दिला. एमसनं खाल्ला. त्यानं चक्क काही टोमणा मारला नाही.

ऑगस्टमध्ये काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, जत्रा असते. गायी, डुकरं, ट्रॅक्टरच्या शर्यती, आणि घरगुती पदार्थांचा मंडप. त्या मंडपाची प्रमुख बर्नडीन कोल्क. ती मार्लिसच्या मागच्या अंगणाला लागून राहते, दोघी एकाच चर्चमध्ये, आणि दोघींमध्ये एका कुंपणावरून तेरा वर्षांपूर्वी झालेला वाद अजून सभ्यपणे चालू आहे. मार्लिसनं अर्ज मागितला तेव्हा बर्नडीन म्हणाली की जरूर भर, फक्त लक्षात ठेव, पदार्थ घरी केलेला लागतो. मार्लिस म्हणाली, मग काय मी तो कारखान्यातून पळवून आणणार? दोघी हसल्या, दात दाखवून.

गुरुवारी सकाळी सहा पेस्ट्र्या कागदी ताटलीत ठेवून मार्लिसनं त्या मंडपात दिल्या. ताटलीवर नाव नसतं, फक्त आकडा. परीक्षक मुद्दाम दुसऱ्या काउंटीतून बोलावतात, म्हणजे कुणाची ओळख नको. त्या वर्षी ट्रूडी हॅगन नावाची बाई आली होती, चाळिशीची, शाळेत पाककला शिकवणारी, गळ्यात चष्मा आणि हातात मोजपट्टी. दुपारी दोनला मंडप उघडला आणि आम्ही चौघं रांगेतून आत गेलो.

ताटलीशेजारी बक्षिसाची फीत नव्हती. कार्ड होतं. त्यावर नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: "दुकानातल्या वाटतात. घरगुती नाहीत. स्पर्धेतून बाद."

गेरिट लाल झाला. तो शांत माणूस, पण त्यानं टोपी काढून एमसच्या हातात दिली, म्हणजे भांडायची तयारी. एमस म्हणाला, ती परीक्षक कुठं आहे ते मी शोधतो, मारायचं काम तू कर. आणि मार्लिस हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग तिला उभं राहवेना, ती जॅमच्या बाटल्यांच्या टेबलाला धरून हसली. लोक वळून बघायला लागले. मलाही हसू आलं, का ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं ती दिसेना. शोधत गेले तर सशांच्या शेडमागे एका उलट्या बादलीवर बसली होती.

"ती बाई चुकली नाही," ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा ती ताटली बघून म्हटलं असतं, माल चांगला आहे, पाकिटात भरा."

मग रडतेस कशाला, मी विचारलं. रडत नाही, ती म्हणाली, हसून डोळ्यातून पाणी आलंय. आणि नाक पुसून पुढं म्हणाली, "पण डोरीन, त्या मी केल्या. एवढं तरी कुणाला तरी माहीत असावं."

आम्ही बर्नडीनकडे गेलो. बर्नडीनचा चेहरा बघून कळलं की तिला कार्डाबद्दल आधीच माहीत होतं आणि ते तिला बोचत होतं. मार्लिसनं आपलं म्हणणं मांडलं. बर्नडीननं हात वर केला.

"तू केल्यास हे मला माहीत आहे, मार्लिस. दोन महिने तुझ्या ओव्हनचा धूर माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर येतोय. पण माझ्या चादरींची साक्ष नियमात बसत नाही."

नियमात एक गोष्ट बसत होती. हरकत घेणाऱ्यानं मंडपाच्या स्वयंपाकघरात, परीक्षकासमोर, एकट्यानं तो पदार्थ करून दाखवायचा. शनिवारी सकाळी दहा वाजता. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बर्नडीननं फॉर्म पुढे केला आणि मार्लिसला आपलं स्वतःचं पेन दिलं.

गावात बातमी पसरायला जत्रेपेक्षा चांगली जागा नाही. शनिवारी दहाला मंडपात बसायला जागा नव्हती. कारखान्यातल्या पहिल्या पाळीच्या बाया सुट्टी घेऊन आल्या होत्या. दोरीच्या पलीकडे टेबल, ओव्हन आणि मार्लिस. अलीकडे आम्ही. मी हात खिशात घातले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते.

पहिल्याच झटक्याला अडचण आली. मंडपाला पत्र्याचं छप्पर, ऑगस्टचं ऊन, आणि लोणी पेटीतून काढल्या काढल्या मऊ पडायला लागलं. एमसनं टोपीची कड चावायला घेतली. लोणी वितळलं तर पारी खुसखुशीत होणार नाही, ती पापडासारखी होईल. मार्लिसनं लोण्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, आणि शांतपणे दोरीखालून बाहेर आली. लोक कुजबुजले. ती समोरच्या लिंबूसरबताच्या गाडीवर गेली, बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत दोन्ही हात घातले आणि मिनिटभर तशीच उभी राहिली. मग ती परत आली आणि त्या लालभडक हातांनी लोणी मैद्यात चोळलं. एमसनं टोपी तोंडातून काढली.

पारी लाटली. ट्रूडी हॅगन दोन हातांच्या अंतरावर उभी होती, वही छातीशी धरून. मार्लिसनं सुरी घेतली आणि सरळ चौकोन कापत गेली, एकामागून एक, मध्ये न थांबता. ट्रूडीनं पट्टी काढली. एक चौकोन मोजला. मग दुसरा. मग अकरावा. सगळे तीन इंच बाय चार.

पट्टी कुठं आहे तुमची, तिनं विचारलं.

"लागत नाही," मार्लिस म्हणाली.

सारण भरलं, कडा दाबल्या, टोचे मारले, ट्रे ओव्हनमध्ये गेला. आता खरी भीती होती, कारण हा ओव्हन गेरिटच्या ओळखीचा नव्हता. गेरिट पुढच्या रांगेत उभा राहून स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघत होता आणि ओठ हलवत होता. मार्लिस ओव्हनकडे पाठ करून लेपासाठी साखर चाळत बसली. मध्येच तिनं मान जरा वर केली, वाऱ्यात काही ऐकावं तशी, आणि उठून ट्रे फिरवला. पुन्हा चाळत बसली. ट्रूडी ओव्हनवरच्या वेळेच्या घंटेकडे बघत होती, ती वाजायला अजून तीन मिनिटं होती. मार्लिस उठली, हातमोजा चढवला आणि ट्रे बाहेर काढला. तो वास मागच्या रांगेपर्यंत गेला. नेमका रंग आला होता. नाकानं ओळखलं, तिनं नंतर सांगितलं. अठ्ठावीस वर्षं तोच वास नाकात गेला, तो कधी बरोबर असतो ते डोकं न विचारता सांगतं.

आठातल्या दोन फुटल्या होत्या. एकीच्या कोपऱ्यातून साखर आली होती, दुसरीला चीर. मार्लिसचा हात गेला. टक. टक. दोन्ही टेबलाच्या कडेला, इतक्या पटकन की कित्येकांना दिसलंही नसेल. कारखान्याच्या बायांना मात्र दिसलं, त्या हसल्या. आणि ट्रूडी हॅगनला दिसलं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला, त्या दोन पेस्ट्र्यांकडे पाहिलं, मग मार्लिसच्या बोटांकडे.

"तुम्ही कामाला कुठं होता?" तिनं विचारलं.

मार्लिसनं सांगितलं. तळ्याच्या रस्त्यावर, शेवटच्या पट्ट्यावर, अठ्ठावीस वर्षं.

ट्रूडीचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. तिनं वही बंद केली आणि म्हणाली की आपल्या घरी दर सोमवारी याच पेस्ट्र्यांचं पाकीट फुटतं, आणि त्यात कधी तुटकी निघत नाही. मुलांना ती नेहमी सांगते, बघा, यंत्र किती चोख असतं. मार्लिसनं एका पेस्ट्रीवर लेप फिरवला आणि तिच्यापुढे धरली. ट्रूडीनं ती उभ्यानं, सगळ्यांसमोर, पूर्ण खाल्ली. परीक्षक एक घास घेतात आणि पाणी पितात. तिनं बोटंही चाटली.

पहिली फीत आधीच पीच भरलेल्या एका गोड ‘पाय’ला दिली होती आणि दुसरी एका ब्रेडला, त्या काही काढून घेता येत नव्हत्या. मार्लिसला तिसरी, पांढरी फीत मिळाली आणि नवीन कार्ड. त्यावर लिहिलं होतं: "चव उत्तम. पारी उत्तम. लेप जरा जाड." लेप मी शिकवला होता. तो जाड नव्हता. हे मी बर्नडीनला सांगितलं, ट्रूडीला सांगितलं आणि अजूनही कुणी विचारलं तर सांगते.

उरलेल्या पेस्ट्र्या दोरीच्या अलीकडे पोचल्या तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. बर्नडीननं आपला तुकडा रुमालात बांधून घरी नेला. कुंपणाचा वाद मिटला असं मी म्हणणार नाही, पण त्या शरद ऋतूत बर्नडीनची झाडावरची सफरचंदं दोन टोपल्या भरून मार्लिसच्या दारात आली आणि मार्लिसनं ती परत पाठवली नाहीत.

जानेवारीत ट्रूडी हॅगनचा फोन आला. शाळेतल्या मुलांना तिला या पेस्ट्र्या शिकवायच्या होत्या, आणि पुस्तकातून करून बघितल्या तर त्या तिला जमत नव्हत्या. मी येऊ का, तिनं विचारलं. मार्लिस म्हणाली, शुक्रवारी या, आणि तुमची पट्टी आणा. ट्रूडी शुक्रवारी दुपारी आली, आणि तिच्या पाठोपाठ तळ्यावरून बर्फ आला. संध्याकाळपर्यंत रस्ता बंद. तिला बोर्समांच्या घरीच मुक्काम करावा लागला. एमस आधीच आलेला होता, तो सोफ्यावर झोपला.

सकाळी मी फावडं घेऊन त्यांच्या दारातला बर्फ काढायला गेले, तर आतून असा गोंधळ ऐकू आला की मी बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरले. काल केलेल्या पेस्ट्र्या न्याहारीला गरम करायचं ठरलं होतं. टोस्टर काढला होता. एवढ्या महिन्यांत आम्ही त्या कधी टोस्टरमध्ये घातल्याच नव्हत्या, ओव्हनमधून सरळ तोंडात जात होत्या. मार्लिसनं दोन आत सरकवल्या, आणि घरची पेस्ट्री कारखान्यातल्यापेक्षा दीडपट जाड असते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि अडकल्या. लेप तारांना चिकटला, खटका वर येईना, वास सुटला.

मी पाहिलं तेव्हा टोस्टरची वायर भिंतीतून काढलेली होती. गेरिट तो उलटा धरून हलवत होता, एमस खाली ताटली धरून उभा होता, ट्रूडी लाकडी चमच्याच्या दांडीनं आतून खरवडत होती आणि गेरिटला सांगत होती, डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे. मार्लिस टेबलापाशी बसली होती, डोकं हातांवर टेकवून, आणि हसून हसून तिला श्वास घेता येत नव्हता. मला बघून तिनं समोरची खुर्ची पायानं ढकलली.

"बस, डोरीन," ती म्हणाली. "अजून एक आत आहे."